मालक कोण? : विद्यापीठीय कर्मचारी आणि संघटनेचे प्रयोजन

विद्यापीठात किंवा संलग्न महाविद्यालयात नोकरी करणाऱ्या माणसाचा मालक कोण, या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता येत नाही, आणि या क्षेत्रातील कामगार संघटनेचे प्रयोजन समजून घ्यायचे असेल तर सुरुवात याच अडचणीपासून करावी लागते. गिरणीत मालक एक असे, त्याचे नाव फाटकावर लिहिलेले असे, आणि भांडण कोणाशी करायचे याविषयी कामगाराच्या मनात संदेह नसे. अनुदानित महाविद्यालयातील सहायक प्राध्यापकाला नेमणूकपत्र संस्थाचालक देतात, त्या नेमणुकीला मान्यता विद्यापीठ देते, पगार राज्य शासनाच्या तिजोरीतून येतो, त्या पगाराची निश्चिती विभागीय उच्च शिक्षण सहसंचालकांच्या कार्यालयात होते, आणि पात्रतेच्या व पदोन्नतीच्या किमान अटी दिल्लीत बसलेला विद्यापीठ अनुदान आयोग ठरवतो. परीक्षा विभागातील लिपिकाची किंवा प्रयोगशाळा परिचराची स्थिती फारशी निराळी नाही. त्याच्या कामाचा हुकूम कुलसचिवांच्या सहीने निघतो, परंतु त्याचे पद अस्तित्वात आहे की नाही हे मंत्रालयात मंजूर होणाऱ्या आकृतिबंधावर, म्हणजे कोणत्या संवर्गात किती पदे असावीत याच्या शासनमान्य तक्त्यावर, अवलंबून असते.

मालकी अशी चार-पाच ठिकाणी विभागली गेली की जबाबदारीही विभागली जाते, आणि विभागलेली जबाबदारी व्यवहारात कोणाचीच राहत नाही. पदोन्नती रखडलेल्या अध्यापकाने प्राचार्यांकडे अर्ज केला तर प्राचार्य विद्यापीठाकडे बोट दाखवतात, विद्यापीठ सहसंचालकांच्या पत्राची वाट पाहते, सहसंचालक कार्यालय शासनाकडून मार्गदर्शन मागवते, आणि मार्गदर्शन येईपर्यंत अर्जदाराच्या सेवेची दोन वर्षे आणि चपलांचे दोन जोड झिजलेले असतात. या साखळीतील प्रत्येक माणूस आपल्यापुरता नियमाने वागत असतो, ही त्यातली खरी गोम आहे. दुष्ट माणूस शोधायला गेले तर तो सापडत नाही. महाविद्यालयाच्या द्वारसभेपासून मंत्रालयातील बैठकीपर्यंत प्रत्येक पायरीवर ज्याचा माणूस उभा असू शकतो, असे या रचनेत एकच साधन आहे, आणि ते म्हणजे कर्मचाऱ्यांची संघटना. अर्ज एकट्याचा असतो तोवर त्याला विनंतीचे स्वरूप असते; तोच प्रश्न शेकडो जणांचा म्हणून मांडला गेला की तो धोरणाचा विषय होतो. सभासदत्वाचा पहिला लाभ या रूपांतरात आहे, आणि वेतनवाढ वगैरे जे लाभ लोक मोजून दाखवतात ते बहुतेक त्याच्या मागून आलेले आहेत.

कामगार संघटना या शब्दाला कायद्यात नेमका अर्थ आहे. १९२६ च्या भारतीय कामगार संघटना अधिनियमाने, कामगार व मालक यांच्यातील संबंधांचे नियमन करण्यासाठी बनलेल्या तात्पुरत्या किंवा कायमच्या एकत्रीकरणाला ही संज्ञा दिली. त्या कायद्यामागे मद्रासची एक घटना होती. बी. पी. वाडिया यांनी १९१८ मध्ये स्थापन केलेल्या मद्रास लेबर युनियनच्या नेत्यांवर बकिंगहॅम गिरणीच्या व्यवस्थापनाने दिवाणी दावा लावला आणि उच्च न्यायालयाकडून मनाई हुकूम मिळवला. म्हणजे कामगारांना एकत्र येऊन काम थांबवण्याचा सल्ला देणे हाच मालकाचे नुकसान करण्याचा कट ठरू शकत होता. यानंतर मध्यवर्ती विधिमंडळात संघटनांना कायदेशीर संरक्षण देण्याचा ठराव १९२१ मध्ये मांडला तो ना. म. जोशी यांनी, आणि त्यातून पुढे आलेल्या अधिनियमाने नोंदणीकृत संघटनेच्या पदाधिकाऱ्यांना कटाच्या फौजदारी आरोपापासून व करारभंगास चिथावणी दिल्याच्या दिवाणी दाव्यापासून मर्यादित मुभा दिली. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची सभा उभी केली तेव्हा असे कोणतेही कवच नव्हते, हे लक्षात घेतले म्हणजे नोंदणीचे मोल कळते. हा अधिनियम आता २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत विलीन झाला असून ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. संरक्षणाचा गाभा तिनेही कायम ठेवला आहे, मात्र संप करण्यापूर्वी द्यावयाच्या नोटिशीचे बंधन, जे पूर्वी लोकोपयोगी सेवांपुरते होते, ते आता सर्वच उद्योगांना लावले आहे.

परंतु विद्यापीठ हा ‘उद्योग’ आहे काय? हा प्रश्न वरवर शाब्दिक वाटतो. प्रत्यक्षात औद्योगिक कायद्याचे दार विद्यापीठीय कर्मचाऱ्यांसाठी उघडे राहणार की बंद, हे त्याच्या उत्तरावर ठरत आले, म्हणून त्याचा इतिहास थोडा सविस्तर पाहणे आवश्यक आहे. १९६० मध्ये नागपूर महानगरपालिकेच्या कर्मचाऱ्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पालिकेच्या ज्या विभागांना उद्योग मानले त्यांत शिक्षण विभागही होता. तीनच वर्षांनी दिल्ली विद्यापीठाच्या प्रकरणात न्यायालयाने नेमकी उलट भूमिका घेतली. विद्यार्थिनींची ने-आण करणाऱ्या बससेवेत तोटा होतो म्हणून विद्यापीठाने ती बंद केली आणि चालकांना कमी केले. चालकांनी कायद्याप्रमाणे कपातीची भरपाई मागितली. आणि विद्यापीठ हा उद्योगच नाही, म्हणून भरपाईचा प्रश्न उद्भवत नाही, असा निर्णय झाला. शिक्षणाचा हेतू व्यक्तिमत्त्वाची घडण हा आहे, त्या कार्यात प्रमुख वाटा अध्यापकांचा असून अध्यापक ‘कामगार’ नाहीत, आणि इतर सेवकांचे काम गौण आहे, असा त्यामागील युक्तिवाद होता. हा निर्णय लिहिणारे न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर होते, ज्यांची ख्याती श्रमिकांविषयी सहानुभूती बाळगणारे न्यायाधीश अशी होती आणि जे निवृत्तीनंतर मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. शिक्षणाच्या उदात्ततेची किंमत बसचालकाने का मोजावी, हा प्रश्न त्या निर्णयात अनुत्तरित राहिला, असे म्हणणे न्यायमूर्तींविषयीचा आदर राखूनही भाग आहे.

उत्तर मिळायला पंधरा वर्षे लागली. २१ फेब्रुवारी १९७८ रोजी बंगळूर पाणीपुरवठा मंडळाच्या प्रकरणात सात न्यायमूर्तींच्या पीठाने, न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या प्रमुख निकालपत्राद्वारे, उद्योगाची त्रिसूत्री घालून दिली: पद्धतशीर क्रिया असावी, ती मालक व कर्मचारी यांच्या सहकार्याने चालावी, आणि तीतून मानवी गरजा भागवणाऱ्या वस्तू किंवा सेवा निर्माण व्हाव्यात, नफ्याचा हेतू असणे आवश्यक नाही. या कसोटीने विद्यापीठ उद्योगाच्या कक्षेत आले आणि दिल्लीचा निर्णय रद्द ठरला. अध्यापक कामगार नसले तरी ज्या संस्थेत लिपिक, चालक, परिचर, माळी, मुद्रक असे शेकडो लोक काम करतात ती संस्था त्यांच्यापुरती उद्योगच असते, हा त्यातील साधा विचार होता. अध्यापकांचा प्रश्न मात्र सुटला नाही. गोव्यातील एका शाळेतून काढून टाकलेल्या शिक्षिकेच्या प्रकरणात १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की शाळा उद्योग असली तरी शिक्षक कामगार नाही, कारण अध्यापन हे शारीरिक, कुशल, तांत्रिक किंवा लिपिकीय अशा कोणत्याच कायदेशीर वर्गात बसत नाही. शिक्षकांच्या तक्रारींसाठी विधिमंडळाने स्वतंत्र यंत्रणा करावी, अशी अपेक्षाही त्याच निकालात व्यक्त झाली.

परिणामी एकाच इमारतीत काम करणाऱ्या दोन माणसांचे न्यायाचे रस्ते वेगळे झाले. शिक्षकेतर सेवकाला औद्योगिक न्यायालयाचा मार्ग उपलब्ध झाला, तर अध्यापकाच्या वाट्याला विद्यापीठ व महाविद्यालय न्यायाधिकरण, म्हणजे बडतर्फी, सेवासमाप्ती, पदावनती अशा बाबींवर अपील ऐकण्यासाठी विद्यापीठ कायद्याने स्थापन केलेले विशेष न्यायपीठ, तक्रार निवारण समिती आणि शेवटी उच्च न्यायालय, अशी वाट आली. संघटनाही त्यानुसार वेगळ्या वाढल्या. अध्यापकांच्या मुंबईत बुक्टू, पुण्यात पुक्टो, नागपूर-अमरावतीकडे नुटा अशा संघटना आणि त्यांचा राज्यव्यापी महासंघ एमफुक्टो उभा राहिला. शिक्षकेतर सेवकांचे महासंघ व कृती समित्या निराळ्या झाल्या. कायद्याने आखलेली ही रेषा मनातही उमटली, आणि प्राध्यापकांच्या सभेला सेवकांनी सतरंज्या घालाव्यात पण ठरावावर मत देऊ नये, ही स्थिती फार काळ कोणालाच खटकली नाही. संघटनांचे बळ घटवणाऱ्या कारणांत हे कारण पहिल्या क्रमांकाचे मानावे लागेल.

वेतनाच्या बाबतीत संघटनेचे कार्य कसे चालते आणि कोठे अडते, हे २०१३ च्या आंदोलनावरून चांगले दिसते. केंद्राने वेतन आयोगाच्या धर्तीवर अध्यापकांची श्रेणी जाहीर केली तरी ती राज्यात आपोआप लागू होत नाही; राज्याने स्वतंत्र शासन निर्णय काढावा लागतो, आणि मधल्या काळाची थकबाकी साठत जाते. सहाव्या वेतन आयोगाची अशीच थकबाकी, आणि १९ सप्टेंबर १९९१ ते ३ एप्रिल २००० या काळात नेट-सेट ही पात्रता परीक्षा उत्तीर्ण नसताना नेमल्या गेलेल्या अध्यापकांच्या सेवेचे नियमितीकरण, या प्रमुख मागण्यांसाठी एमफुक्टोने ४ फेब्रुवारी २०१३ पासून परीक्षेच्या कामावर बहिष्कार टाकला, आणि तो मे महिन्यात, उच्च न्यायालयाच्या हस्तक्षेपानंतर, मागे घेण्यात आला. २७ जून २०१३ च्या शासन निर्णयाने त्या अध्यापकांच्या सेवा नियमित झाल्या, परंतु त्या निर्णयाच्या दिनांकापासून. मूळ नेमणुकीपासून लाभ मिळावेत ही मागणी पुढे न्यायालयात गेली. आंदोलनकाळातील ७१ दिवसांचे रोखलेले वेतन हा स्वतंत्र वाद होऊन बसला आणि २०१८ च्या संपाच्या मागणीपत्रातही तो होता. एकेकट्याने दहा-वीस वर्षे अर्ज करूनही जो प्रश्न हलला नव्हता तो हलला, हे या आंदोलनाचे यश; निकाल लांबल्याने ज्यांचे पुढचे प्रवेश टांगणीला लागले त्या विद्यार्थ्यांचा मागण्यांशी काही संबंध नव्हता, हे त्याचे उणे. परीक्षेवरील बहिष्कार हे शिक्षकांच्या हातातील सर्वांत धारदार शस्त्र आहे आणि त्याची धार नेहमी तिसऱ्याच माणसाला लागते, त्यामुळे ते उपसण्यापूर्वी इतर सर्व मार्ग खरोखर संपले होते काय, याचा हिशेब संघटनेने जाहीरपणे द्यायला हवा.

संपाच्या अधिकाराची कायदेशीर बाजूही येथे सांगून टाकणे योग्य. राज्यघटनेच्या कलम १९(१)(ग) ने संघटना स्थापन करण्याचा मूलभूत अधिकार दिला आहे, परंतु संप करण्याचा अधिकार त्यात अंतर्भूत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने बँक कर्मचाऱ्यांच्या प्रकरणात १९६०च्या दशकाच्या आरंभीच ठरवले, आणि तमिळनाडूच्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या २००३ च्या प्रकरणात शासकीय सेवकांना असा मूलभूत, कायदेशीर किंवा नैतिक अधिकारही नसल्याचे म्हटले. शेवटच्या विशेषणाविषयी मतभेद होऊ शकतात. तरीही १९७७-७८ मध्ये महाराष्ट्रातील सरकारी कर्मचाऱ्यांचा संप ५४ दिवस चालला होता, आणि जुन्या निवृत्तिवेतनाच्या मागणीसाठी १४ मार्च २०२३ रोजी सुरू झालेला संप शासनाशी बोलणी होऊन २० मार्चला मागे घेतला गेला. त्या संपामागे १ नोव्हेंबर २००५ ही तारीख होती: तिच्या आधी सेवेत आलेल्याला निश्चित निवृत्तिवेतन आणि नंतर आलेल्याला अंशदानावर व बाजारावर अवलंबून असलेली योजना, अशी शेजारच्या दोन खुर्च्यांत दरी पडली होती.

शिक्षकेतर सेवकांचे प्रश्न वृत्तपत्रांत कमी जागा मिळवतात. २०२३ च्या फेब्रुवारीत त्यांनी आधी परीक्षेच्या कामावर बहिष्कार आणि २० तारखेपासून बेमुदत संप पुकारला, तेव्हा प्रमुख मागणी आश्वासित प्रगती योजनेची होती. वरचे पद रिकामे नसल्यामुळे पदोन्नती मिळत नसेल तर ठरावीक वर्षांच्या सेवेनंतर निदान वरच्या पदाची वेतनश्रेणी मिळावी, ही ती योजना. ती लागू करणारे निर्णय आधी काढले गेले आणि नंतर रद्द झाले. ज्या कनिष्ठ लिपिकाने बारा किंवा चोवीस वर्षे एकाच टेबलावर काढली त्याच्या दृष्टीने हा आकड्यांचा खेळ नाही. भरती बंद, पदे रिक्त आणि रिक्त पदांचे काम उरलेल्यांवर, अशा स्थितीत एका माणसाने तिघांचे काम करण्यास नकार दिला तर ती शिस्तभंगाची बाब होते. संघटनेने आकृतिबंधानुसार पदे भरण्याची मागणी केली तर तो प्रशासनाचा प्रश्न ठरतो.

मोठ्या लढ्यांच्या प्रकाशात संघटनेचे रोजचे काम झाकले जाते, आणि सामान्य सभासदाला उपयोगी पडते ते नेमके हेच काम. सेवापुस्तिकेत नोंद राहिली आहे, वेतननिश्चितीत एक वेतनवाढ कमी पडली आहे, भविष्य निर्वाह निधीचा हिशेब जुळत नाही, बाळंतपणाच्या रजेचा अर्ज अडकला आहे, निवृत्तीला सहा महिने उरले तरी कागद पुढे सरकत नाहीत, असे प्रश्न मुरलेला कार्यकर्ता एका दुपारी मार्गी लावतो, कारण कोणता शासन निर्णय कोणत्या तारखेचा आणि कोणत्या कपाटात आहे हे त्याला पाठ असते. कारणे दाखवा नोटीस आली तर तिला उत्तर कसे द्यावे, खातेनिहाय चौकशीत, म्हणजे आरोपांवरील अंतर्गत सुनावणीत, कोणती कागदपत्रे मागावीत, न्यायाधिकरणाकडे अपिलाची मुदत केव्हा संपते, हे ज्ञान एकट्या कर्मचाऱ्याला नोकरी जाण्याच्या वेळी पहिल्यांदाच गोळा करावे लागते, तर संघटनेकडे ते साठलेले असते. औद्योगिक विवाद अधिनियमाने कामगाराची बाजू संघटनेच्या पदाधिकाऱ्याला मांडू दिली आणि वकिलाला मात्र, श्रम न्यायालयासमोर, दुसऱ्या पक्षाच्या संमतीने व न्यायालयाच्या परवानगीनेच उभे राहू दिले. यामागे फीचा खर्च आणि बरोबरीची लढत या दोन्हींचा विचार होता.

अध्यापकांच्या बाबतीत आणखी एक लाभ आहे जो रुपयांत मोजता येत नाही. वर्गात काय शिकवावे, संशोधनातून काय निष्कर्ष काढावा, संस्थेच्या कारभारावर उघडपणे काय बोलावे, याचे स्वातंत्र्य नोकरीच्या शाश्वतीशी बांधलेले असते. युनेस्कोने १९९७ मध्ये उच्च शिक्षणातील अध्यापकांच्या दर्जाविषयी जी शिफारस स्वीकारली, तिच्यात शैक्षणिक स्वातंत्र्य आणि संघटना करण्याचा अधिकार या दोन्ही गोष्टी आल्या आहेत, आणि ते योग्यच आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार अधिसभेवर अध्यापकांचे दहा प्रतिनिधी निवडून जातात. त्या निवडणुका बहुधा संघटनांच्या पॅनेलवर लढवल्या जातात, त्यामुळे अर्थसंकल्पावर प्रश्न विचारण्याची संधी संघटित अध्यापकालाच मिळते. २०१८-१९ मध्ये अध्यापक पदांच्या आरक्षणासाठी विद्यापीठाऐवजी विभाग हे एकक धरण्याचे ठरले, त्यामुळे बिंदुनामावलीत, म्हणजे पदांच्या आरक्षणक्रमाच्या तक्त्यात, राखीव जागा झपाट्याने कमी होऊ लागल्या, तेव्हा देशभरातील अध्यापक संघटनांनी विरोध केला आणि २०१९ मध्ये केंद्राला अध्यादेश व पाठोपाठ कायदा करावा लागला. हा प्रश्न कोणाच्याही वैयक्तिक पगाराचा नव्हता.

आता सर्वांत अवघड प्रकरणाकडे वळावे लागते. महाराष्ट्रातील कामगार संघटना मान्यता व अनुचित कामगार प्रथा प्रतिबंध अधिनियम, १९७१ च्या चौथ्या अनुसूचीत एक लक्षणीय बाब आहे: कर्मचाऱ्यांना कायमपणाच्या हक्कांपासून वंचित ठेवण्याच्या हेतूने वर्षानुवर्षे बदली, हंगामी किंवा तात्पुरते म्हणून राबवणे ही अनुचित कामगार प्रथा, अर्थात कायद्याने निषिद्ध मानलेली मालकाची वागणूक, ठरते. या बाबीच्या आधारे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठातील रोजंदारी मजुरांचा लढा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि २००१ मध्ये न्यायालयाने सांगितले की मंजूर पदेच नसतील तर कायमपणा देता येणार नाही आणि त्या बाबीखालील अनुचित प्रथाही सिद्ध होत नाही. पदे शासन निर्माण करते आणि काम विद्यापीठ करून घेते. मालकी विभागल्याचा लाभ कोणाला होतो, याचा याहून स्पष्ट दाखला सापडणे कठीण. सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या उमादेवी प्रकरणातील निकालाने नियमबाह्य नेमणुकांचे नियमितीकरण न्यायालयांनी करू नये असा दंडक घातला, तेव्हा ही वाट पूर्ण बुजली असे अनेकांना वाटले. परंतु राज्य परिवहन महामंडळातील सफाई कामगारांसाठी कास्ट्राईब कर्मचारी संघटनेने लढलेल्या खटल्यात २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की १९७१ च्या अधिनियमाखालील औद्योगिक न्यायालयाचे अधिकार उमादेवी निकालाने संपत नाहीत. हा खटला वर्षानुवर्षे चालवण्याची ऐपत सफाई कामगारांपैकी एकाचीही नव्हती. ती संघटनेची होती.

अध्यापकांतील समांतर वर्ग तासिका तत्त्वावरील अध्यापकांचा आहे, ज्यांना महिन्याचा पगार नसून घेतलेल्या तासांचे मानधन मिळते, सुट्टीत मिळत नाही, आणि दरवर्षी नव्याने नेमणूक घ्यावी लागते. दिल्ली विद्यापीठात २८ ऑगस्ट २०१९ च्या एका पत्राने तदर्थ अध्यापकांऐवजी अतिथी अध्यापक नेमण्याचा मार्ग उघडला, तेव्हा तेथील अध्यापक संघाच्या हाकेवर हजारो अध्यापक ४ डिसेंबर रोजी कुलगुरूंच्या कार्यालयावर धडकले आणि दुसऱ्याच दिवशी केंद्राच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने खुलासा करून तदर्थ अध्यापकांच्या सेवा पुढे चालू ठेवण्यास मुभा दिली. कायम आणि तदर्थ एकाच संघात होते म्हणून हे घडू शकले. महाराष्ट्रात कायम अध्यापकांच्या संघटनांनी तासिका तत्त्वावरील सहकाऱ्यांच्या मागण्या मागणीपत्रांत घेतल्या आहेत, पण बहुधा शेवटच्या कलमात, जेथे वाटाघाटीत सर्वांत आधी तडजोड होते.

प्राध्यापक हा गुरू आहे, त्याने कामगारासारखी संघटना करणे शोभत नाही, हा आक्षेप आता फारसा गंभीरपणे घ्यावा असा राहिलेला नाही. गुरुदक्षिणेवर घर चालत नाही हे आक्षेप घेणाऱ्यांनाही ठाऊक असते. अधिक टोकदार आक्षेप दोन आहेत. लाभ सर्वांनाच मिळत असताना वर्गणी का भरावी, हा पहिला. वेतनश्रेणीचा शासन निर्णय सभासद व बिगरसभासद असा भेद करत नाही हे खरेच, पण सर्वांनीच असा विचार केला तर निर्णय काढून घेणारे कोणी उरत नाही, आणि चौकशीची नोटीस हाती पडल्यावर पावती फाडायला आलेल्याला संघटना मदत करते तेव्हा तिच्या मनात काय येते हे तिने सहसा बोलून दाखवलेले नसते. दुसरा आक्षेप असा की संघटना कामचुकारांना पाठीशी घालतात, एकाच नेत्याभोवती वीस-वीस वर्षे फिरतात आणि वर्षातून एकदा होणाऱ्या सभेत हिशेब घाईने मंजूर करून घेतात. हा आक्षेप अनेक ठिकाणी सत्य आहे. त्यावरचा उपाय सभासदांनी बाहेर राहणे हा नसून सभेला जाऊन हिशेब मागणे हा आहे, आणि नव्या पिढीतील अध्यापकांनी तो अद्याप पुरेसा करून पाहिलेला नाही.

या घडीला विद्यापीठांच्या आवारात सर्वांत जास्त असुरक्षित असलेले लोक, म्हणजे तासिका तत्त्वावरील अध्यापक, ठेकेदारामार्फत आलेले सुरक्षारक्षक व सफाई कर्मचारी, अकरा महिन्यांच्या करारावरील संगणकचालक आणि प्रकल्पावरील संशोधन सहायक, बहुतांशी कोणत्याही संघटनेचे सभासद नाहीत. जुन्या संघटनांची दारे त्यांच्यासाठी अर्धीच उघडी आहेत आणि नेमणूक पुढच्या वर्षी मिळणार नाही या भीतीने तेही त्या दारापर्यंत येत नाहीत. अशांनी आपली स्वतंत्र संघटना नोंदवायची ठरवली तर कायद्याची अट मोठी नाही: आस्थापनेतील दहा टक्के किंवा शंभर कामगार, यांपैकी जी संख्या कमी असेल तितके सभासद असावेत, आणि नोंदणीच्या अर्जावर किमान सात जणांच्या सह्या असाव्यात.